ढेकळाला कान असतात का? (खानदेशातले वावरातले ससे)

पांझराकाठ | शनिवार, ७ डिसेंबर

राम राम मंडळी,

धुळे तालुक्यात आमचं अकरा एकर वावर आहे. निम्मं काळं, निम्मं बरड (हलकं, मुरमाड). नोकरी नाशकात, पण शनिवार-रविवार गावी असतो. कॅमेरा घेऊन दोन वर्षं झाली. वाघ-बिबट्याची हाव नाही. आमच्याच हरभऱ्यावर पोसलेल्या आमच्याच वावरातल्या सशाचा एक धड फोटो मिळावा, एवढंच मागणं आहे.

आत्तापर्यंतचा हिशेब असा. ससा समजून काढलेले फोटो शंभराच्या वर. त्यातली बहुतेक ढेकळं. दोन फोटोंत खताची फाटकी गोणी. चार फोटोंत ससा खरोखर आहे, पण म्हणजे मागचे पाय, शेपटी आणि धूळ.

आज सकाळी आमचे सालदार (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे) नाना आणि मी बांधावरून चाललो होतो. नाना चालता चालता हळूच म्हणाले, "तठे बठेल शे." (तिथे बसलाय.) मी थांबलो, डोळे फाडून बघितलं. नांगरट केलेली जमीन, हजार ढेकळं. "कुठे?" म्हणून विचारतोय तोवर माझ्यापासून चार हातांवरचं एक ढेकूळ उठलं आणि तुरीत घुसलं. नानांनी माझ्याकडे जसं बघितलं तसं दहावीच्या निकालाच्या दिवशी वडिलांनी बघितलं होतं.

तर प्रश्न: दिवसा बसलेला ससा दिसावा कसा? दिसला तर त्याला न उठवता फोटो कसा काढायचा? माझ्याकडे १५०-६०० मिमीची लेन्स आहे, म्हणजे दोष सामानाचा नाही हे कबूल.

---

दादरवाला | शनिवार, ७ डिसेंबर

भाऊ, तुमची चूक तुम्हीच लिहिली आहे. "मी थांबलो."

ससा पळतो तो माणूस जवळ आला म्हणून नाही, थांबला म्हणून. बैलजोडी त्याच्यापासून दोन हातांवरून जाते, कोळपं जातं, निंदणाऱ्या बाया गप्पा मारत जातात, तो हलत नाही. कान पाठीला चिकटवून, पोट जमिनीला लावून बसून राहतो. पण चालणारा थबकला आणि त्याच्याकडे टक लावून बघायला लागला, की त्याला कळतं आपण सापडलो. कोल्हाही तसाच थबकतो ना झडप घालायच्या आधी.

नाना थांबले नव्हते हे बघा. ते बोलले, पण चालत राहिले.

आमचं वावर अमळनेर बाजूला, बोरी नदीच्या अलीकडे. आमच्याकडे सशाचं वर्ष पिकावर चालतं. पावसाळ्यात तो कुठेही असतो, सगळीकडे हिरवं, तुम्हाला दिसणारच नाही. दिवाळीनंतर कापसाची वेचणी चालते तेव्हा दिवसा कपाशीत सावलीला बसतो आणि अंधार पडला की शेजारच्या हरभऱ्यात. पऱ्हाटी उपटली की त्याचं छप्पर गेलं. मग तुरीत नाहीतर दादरमध्ये. (बाहेरच्या वाचकांसाठी: दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, मुंबईतलं स्टेशन नाही.) फेब्रुवारी-मार्चात दादर कापली की राहिले फक्त धुरे (बांध), नाल्याच्या कडेची झुडपं आणि बरड. तुमच्याकडे बरड आहे म्हणता, तिथे तरवड, बोरी असतीलच. उन्हाळ्यात तिथेच शोधा.

त्यातून आता बोंडअळीमुळे फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी) ठेवू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, आणि ते बरोबरच आहे. डिसेंबर संपता संपता कपाशी निघते. म्हणजे या महिनाभरात ससे घर बदलतात. तुमचा हंगाम हाच.

---

पांझराकाठ | शनिवार, ७ डिसेंबर

दादरवाले भाऊ, तरवड आहे, बोरी आहेत, बाभळीही आहेत. पण थांबायचं नाही तर फोटो चालता चालता काढू का?

---

मधुरा जळगाव | रविवार, ८ डिसेंबर

चालता चालता काढू नका, आधी जाऊन बसा.

मी सहा-सात वर्षं गवताळ भागातले प्राणी-पक्षी टिपते आहे. सशाच्या बाबतीत मी दिवसा शोधायचा नाद सोडला. बसलेला ससा तुम्ही शोधलात तर नव्वद टक्के वेळा तो तुम्हाला आधी सापडलेला असतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, मान न वळवता जवळजवळ चहूकडचं त्याला दिसतं. आंधळी जागा कुठे असेल तर ती थेट नाकासमोर. म्हणून कधी कधी घाबरलेला ससा सरळ आपल्या अंगावर धावत येतो. तो शूर झालेला नसतो, आपण त्याला नीट दिसलेलो नसतो.

त्याऐवजी त्याची वाट शोधा. ससा दिवसाच्या बैठकीतून चाऱ्याकडे रोज साधारण एकाच वाटेने जातो. धुऱ्यावरच्या गवतात वीतभर रुंदीचा बोगदा पडलेला दिसतो, बांधात एखादी खिंड असते. तिथे लेंड्या बघा. शेळीची लेंडी गुळगुळीत, काळपट, लांबट, एका टोकाला निमुळती. सशाची गोल, किंचित चपटी, कोरडी, फोडली तर आत नुसता भुसा. पावलं ओल्या मातीत छान उमटतात: मागे लहान दोन पावलं एकापुढे एक, त्यांच्या पुढे मोठी दोन शेजारी-शेजारी. मोठी पावलं पुढे म्हणून घोटाळा होतो, पण ते मागचे पाय. उडी मारताना ते पुढच्यांना ओलांडून पडतात. तळव्यांना केस असतात, त्यामुळे कुत्र्या-मांजरासारखी गादी उमटत नाही.

वाट सापडली की तिथून पंधरा-वीस मीटरवर, वारा तुमच्या तोंडावर येईल असं, संध्याकाळी पाच वाजता जाऊन बसा. या दिवसांत सहाच्या आत सूर्य मावळतो, ससा निघतो त्याच सुमाराला. उजेड कमी असतो, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) ६४०० पर्यंत न्यावा लागतो, फोटो दाणेदार येतो, पण येतो. मला सकाळ जास्त आवडते. रात्रभर खाऊन ससा परत येत असतो, घाई नसते, साडेसात-पावणेआठपर्यंत बांधावर अंग साफ करत बसलेला मिळतो. तेव्हा ऊन मागून आलं तर कानातल्या शिरा दिसतात. लाल, पानाच्या शिरांसारख्या. एकदा बघाच.

एक खास आपल्या काळ्या मातीचं दुखणं. साडेनऊ-दहा झाले की नांगरलेल्या जमिनीवरून वाफ लहरायला लागते. डोळ्यांना कळत नाही, पण ६०० मिमीमधून चाळीस मीटरवरचं काहीही पाण्यातून काढल्यासारखं येतं. लोक लेन्सला शिव्या देतात, सर्व्हिसला पाठवतात. लेन्सचा दोष नसतो. घरी जा, भरीत खा.

---

नवखी नंदुरबारची | रविवार, ८ डिसेंबर

छान धागा. एक बाळबोध प्रश्न. ससा बिळात राहतो ना? मग बीळ शोधलं तर सोपं नाही का? आणि पांढरे ससे कधीच का दिसत नाहीत शेतात? 🙈

---

ढोरडॉक्टर | रविवार, ८ डिसेंबर

ताई, प्रश्न बाळबोध नाही, मराठीचीच अडचण आहे. दोन वेगळ्या प्राण्यांना आपण एकच शब्द वापरतो.

पांढरा, लाल डोळ्यांचा, पिंजऱ्यातला, अंकलिपीतला ससा म्हणजे युरोपातल्या रानसशाचं पाळीव रूप. तो बीळ करतो, कळपाने राहतो, त्याची पिल्लं उघडीनागडी, डोळे मिटलेली जन्मतात. आपल्या वावरातला ससा म्हणजे लेपस नायग्रिकोलिस. हा बीळ करत नाही. गवतात किंवा ढेकळांत अंगाच्या मापाची उथळ खळगी, तेवढंच त्याचं घर. एकटा राहतो. आणि याची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे घेऊनच जन्माला येतात. दोघांचा संकर होत नाही.

यावरून एक कळकळीची विनंती. दरवर्षी माझ्याकडे कोणीतरी बुटांच्या खोक्यात सशाचं पिल्लू घेऊन येतं. "एकटंच पडलं होतं, आई सोडून गेली." आई सोडून गेलेली नसते. पिल्लाला अंग चोरून गप्प पडून राहायचं असतं आणि आई मुद्दाम लांब असते, कारण तिच्या वासाने कोल्हा, खोकड, रानमांजर पिल्लापर्यंत पोचेल. ती येते अंधार पडल्यावर, थोडा वेळ पाजते आणि निघून जाते. पिल्लू उचललंत की तुम्ही त्याला अनाथ केलंत. गाईचं दूध पाजलं की हगवण लागते आणि बहुतेक मरतात. नांगर, रोटाव्हेटर किंवा हार्वेस्टर येतोय म्हणून हलवणं भागच असेल तर हातात मूठभर गवत घेऊन त्यातून उचला, जवळच्या धुऱ्याच्या आडोशाला ठेवा आणि तिथून निघा. बघत उभे राहू नका. फोटो तर नकोच.

बाकी तो उंदरांच्या गणातलाही नाही. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मागे अजून दोन बारीक दात असतात, उंदीर-खारीला ते नसतात. आणि स्वतःची मऊ लेंडी परत खातो. जेवता जेवता वाचत असाल तर माफ करा.

---

भाषेचा किडा | रविवार, ८ डिसेंबर

अवांतर. 'ससेहोलपट' सशावरूनच आला, पण 'ससेमिरा'चा सशाशी काडीचा संबंध नाही. जुन्या कथेतला शापित राजपुत्र 'स-से-मि-रा' एवढंच बरळत असतो, ती चार श्लोकांची आद्याक्षरं. आणि 'वाघूर' म्हणजे नुसतं जळगावचं धरण नव्हे. ससे-हरणं धरायच्या जाळ्याला वाघूर म्हणतात.

चालू द्या.

---

केळीवाला रावेर | सोमवार, ९ डिसेंबर

आमच्या केळीत तं ससे सगळ्यात जास्त मे महिन्यात असतात भाऊ. बाहेर पंचेचाळीस, आत गारवा, खाली वाळलेल्या पानांचा गालिचा. पण केळीत फोटो काढायला जाल तं दोन गोष्टी सांगतो.

एक, आमच्याकडे सातपुडा लगत आहे. यावल अभयारण्य काही लांब नाही. अंधार पडल्यावर केळीत बसून राहू नका. ससा जिथे येतो तिथे त्याला खाणाराही येतो, आणि बिबट्या केळीत राहून राहिला ही आता बातमीसुद्धा नाही राहिली.

दुसरी जास्त महत्त्वाची. रानडुकरांसाठी काही लोक रात्री कुंपणाच्या तारेत डायरेक्ट करंट (सरळ लाईनीवरची वीज) सोडतात. झटका मशीन वेगळं, ते बॅटरीवर थांबून थांबून झटका देतं, माणूस सहसा मरत नाही. डायरेक्ट करंटवाला जागेवर जातो. गुन्हा आहे, तरी करतात. दुसऱ्याच्या वावरात अंधारात पाय ठेवायच्या आधी मालकाला फोन करा, तार कुठे आहे विचारा. सशापायी जीव नका घालवू.

---

मधुरा जळगाव | सोमवार, ९ डिसेंबर

केळीवाले दादांना शंभरदा अनुमोदन. माझ्याकडून अजून एक: पालथं झोपून फोटो काढायचा असेल (आणि काढायचाच, उभ्याने काढलेला ससा उशीसारखा दिसतो) तर आधी काठी आपटून जागा बघा. बरडात फुरसं, गवतात घोणस. मी जाड पोतं अंथरते आणि लेन्सखाली वाळूची पिशवी ठेवते. ट्रायपॉड उभा करायला गेलात की ससा अमळनेरला पोचतो.

सेटिंग विचारलं होतं कोणीतरी व्यनिमध्ये (खासगी निरोपात). बसलेल्याला शटरचा वेग १/२५० सेकंद पुरे, लेन्सला स्थिरक असेल तर त्याहून कमी. पळणाऱ्याला १/१६०० च्या खाली जाऊ नका. फोकस डोळ्यावर. शटर आवाज न करणाऱ्या मोडवर टाका, कारण पहिल्या 'खटॅक'ला ते दोन कान तुमच्या दिशेला वळतात आणि मग फोटोत फक्त भीती येते.

---

बुलेट धुळेकर | शनिवार, १४ डिसेंबर

एवढा काथ्याकूट कशाला? काल रात्री मित्रांबरोबर लळिंगच्या अलीकडे गेलो होतो. दोन गाड्या, एक मोठी बॅटरी. ससा प्रकाशात आला की खिळतो. नाहीतर गाडीने थोडं पळवायचं, दमला की बसतो. अर्ध्या तासात तीन ससे, चाळीस फोटो. हे बघा दोन. डोळे कसे लाल चमकतात बघा. सारंगखेड्याची यात्रा झाली की परत जाणार, कोणाला यायचं?

---

दादरवाला | शनिवार, १४ डिसेंबर

फोटो पाहिले. डोळे लाल दिसले, तोंड उघडं दिसलं, मागचा पाय मातीत घसरलेला दिसला. तो दमून बसला नाहीये भाऊ, त्याच्याने पळवत नाहीये.

आमच्याकडे बॅटरी लावून, कुत्री सोडून ससे मारणाऱ्यांची हीच पद्धत. फरक फक्त शेवटच्या क्षणाचा.

---

बुलेट धुळेकर | शनिवार, १४ डिसेंबर

मारलं का मी? फोटोच काढला ना. इथे सगळे साधू जमलेत. तुमच्याच गावात सशाची भाजी कोण खातं ते सांगू का?

---

ढोरडॉक्टर | रविवार, १५ डिसेंबर

कोण खातं हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर हा विषय.

भांडण बाजूला ठेवून कायद्याचं सांगतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, फास लावणं, कुत्री घालून पाठलाग करणं, हाकून पळवणं, आमिष टाकणं, आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं त्या एकाच शब्दात बसवलं आहे. ससा आधी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत (संरक्षित प्राण्यांच्या यादीत) होता. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेरमांडणी झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि ससा आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. वनरक्षकाने रात्री दोन गाड्या, बॅटरी आणि पळणारा ससा बघितला तर तो गळ्यातला कॅमेरा नंतर बघेल.

आणि निव्वळ डॉक्टर म्हणून. पकडून, पळवून फार ताण दिलेला रानटी प्राणी दिसायला धडधाकट राहतो आणि काही तासांनी किंवा दोन-चार दिवसांनी मरतो. स्नायूच निकामी होतात. तुमचे ते तीन ससे आज कुठे असतील, मी सांगू शकत नाही. तुम्हीही नाही.

---

कुरणवेडा | रविवार, १५ डिसेंबर

बुलेटभाऊ, ते दोन फोटो काढून टाका ही विनंती, किंवा किमान ठिकाण तरी. 'लळिंगच्या अलीकडे' वाचून अजून चार बॅटऱ्या निघतील. मोबाईलच्या फोटोत जागेचे आकडे आपोआप चिकटतात, तेही पुसत चला.

याच जिल्ह्यात लामकानीसारखं गाव आहे, जिथे लोकांनी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळून उजाड माळाचं कुरण केलं. गवत वाढलं तसे त्या माळावर पक्षी आले, ससे आले, सशांमागे खोकड आले. हे व्हायला वर्षं लागली. बॅटरीला अर्धा तास लागतो, तुम्हीच म्हणालात.

कुठे तारेचे फास किंवा वाघूर लावलेली दिसली तर वनविभागाचा १९२६ हा फुकटचा क्रमांक आहे. मी दोनदा लावला आहे.

---

बुलेट धुळेकर | सोमवार, १६ डिसेंबर

काढले फोटो. आता गप्प बसा.

(पण तो स्नायूंचा प्रकार खरा आहे का? खरंच विचारतोय.)

---

ढोरडॉक्टर | सोमवार, १६ डिसेंबर

खरा आहे. हरणांमध्ये तर फारच. विचारलंत हे बरं केलंत.

---

नवखी नंदुरबारची | शुक्रवार, २० डिसेंबर

आमच्या शहादा रस्त्यावरच्या शेतात पपईची रोपं कोणीतरी कापून टाकली. वडील म्हणतात ससा, काका म्हणतात नीलगाय (आम्ही रोही म्हणतो). कसं ओळखायचं?

---

दादरवाला | शुक्रवार, २० डिसेंबर

काप बघ ताई. सशाचा काप तिरपा आणि साफ, चाकूने छाटल्यासारखा, आणि जमिनीपासून वीत-दीड वितीच्या आत. रोहीला वरच्या जबड्यात पुढचे दातच नाहीत, ती ओरबाडून तोडते, टोक फाटलेलं राहतं आणि उंचीही जास्त. कापलेला शेंडा बाजूला तसाच पडला असेल तर ससाच. चव घेतो, टाकतो, पुढे जातो. हरभऱ्यात मात्र मन लावून खातो, पानांवर आंबट आंब असून.

नुकसान करतो का, तर करतो. पण खरं सांगू, रोही आणि डुकरांनी जे चालवलंय त्यापुढे सशाचं म्हणजे पोराने गूळ चोरल्यासारखं. रोपांना पहिले पंधरा दिवस जुन्या साड्या बांधा धुऱ्याने, पुरे.

---

निशाचर | रविवार, २२ डिसेंबर

उशिरा आलो. रात्रीचा ससा बघायचाच असेल तर त्याला सरळ मार्ग आहे. स्वतःच्या वावरात ट्रॅप कॅमेरा (समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा) लावा, न दिसणाऱ्या इन्फ्रारेडवाला. (वनजमिनीत परवानगीशिवाय नको.) जमिनीपासून फूटभर उंचीवर, वाटेला आडवा नाही तर तिरका, म्हणजे ससा चौकटीत जास्त वेळ राहतो. समोरचं गवत कापून टाका, नाहीतर वाऱ्याने हललेल्या एकाच काडीचे आठशे फोटो मिळतात. मला मिळालेत.

रात्रीची लाईट असते तेव्हा भरणं धरायला (पिकाला पाणी द्यायला) जाणाऱ्या शेतकऱ्याला जेवढे ससे दिसतात तेवढे कुठल्याही फोटोग्राफरला दिसत नसतील. ओल्या वाफ्याच्या कडेला येतात. माझ्या कॅमेऱ्यात दोन ससे समोरासमोर मागच्या पायांवर उभे राहून पंजे मारताना आले आहेत. फोटो राखाडी आहे, कडा जळाल्या आहेत, पण मी तो फ्रेम करून लावला आहे.

शेपटी नीट आली तर बघा. पुस्तकांत गोदावरीच्या उत्तरेला लालसर शेपटीची उपजात आणि दक्षिणेला मानेवर काळा डाग, शेपटीवर काळं असलेली, अशी ढोबळ वाटणी देतात. आपण गोदावरीच्या वरचे. माझ्या फोटोंत शेपटी तांबूस आहे, मान तपकिरी.

---

पांझराकाठ | रविवार, १२ जानेवारी

मंडळी, पाच आठवड्यांचा अहवाल.

मधुराताईंनी सांगितल्याप्रमाणे वाट शोधली. नाल्याकडच्या बांधात बोरीखाली खिंड आहे, लेंड्याही मिळाल्या. फोडून बघितल्या. बायको म्हणाली हात धुतल्याशिवाय घरात यायचं नाही.

पहिले दोन शनिवार वारा उलटा, काही नाही. तिसऱ्या शनिवारी ससा आला, पण माझ्या मागून. मी समोर डोळे लावून बसलो होतो आणि पाठीमागे हरभऱ्यात कुरकुर ऐकू येत होती. मान वळवायची सोय नव्हती. वीस मिनिटं मी सशाचं जेवण ऐकलं. तरीही ती माझी आत्तापर्यंतची सगळ्यात चांगली संध्याकाळ.

काल पहाटे सव्वासहाला पोतं अंथरून पडलो. धुकं होतं. पांझरेकडून गार वारा, बोटं वाकत नव्हती. सात वाजून गेले, उजेड आला, आणि खिंडीच्या अलीकडे माझ्यापासून सतराएक मीटरवर एक ढेकूळ होतं जे मघाशी नव्हतं. कधी आलं, कसं आलं, देव जाणे. मी श्वास धरून लेन्स वळवली. तो डोळा होता. तपकिरी, ओला, मोठा, आणि त्यात वरच्या कोपऱ्यात उगवतीचा ठिपका. दादरवाले भाऊ, मी टक लावून बघितलं, पण मी आधीच थांबलेलो होतो, त्यामुळे त्याला नवीन काही कळलं नाही.

त्याने पुढचे दोन्ही पाय चाटले. मग एक कान पंजांनी खाली ओढला, चाटला, सोडून दिला. दुसरा ओढला. कानातून ऊन आलं. शिरा दिसल्या, ताई. मी अकरा फोटो काढले आणि मग हात इतके थरथरायला लागले की थांबलो. तो दहा मिनिटं तरी बसला असेल. मग नाल्यापलीकडे कुत्रं भुंकलं, त्याने कान पाठीवर टाकले, पोट टेकवलं, आणि डोळ्यांदेखत परत ढेकूळ झाला. तेवढ्यात बारावा काढला. मी त्याला तसाच ठेवून पालथाच मागे सरकत सरकत आलो. पंधरा मीटर सरकायला अर्धा तास लागला, छातीवर कुसळं अजून आहेत.

बारांपैकी नऊ हललेले. दोन बरे. एक जो खरा चांगला आहे, तो त्याने कान टाकल्यानंतरचा. डोळा लख्ख, अंगावरचा एकेक केस मोजता येतो, मागे धुक्यातली तूर.

घरी आल्यावर आधी नानांना दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला, चष्मा लावला.

"दखा ना नाना, कसा वनाय?"

"हाई ते ढेकूळ शे."